दोन हिवाळ्यांचं वर्ष

शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये हिवाळा येतो तो आवाज बंद होऊन. एप्रिलपासून घरघरणारा एसी नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी सुहास बंद करतो आणि मग लक्षात येतं की खाली साळुंक्या भांडतायत, वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ रडतंय आणि शेजारच्या रोझीकडे कुकरच्या शिट्ट्या होतायत. इतके महिने हे सगळं काचेपलीकडे चालूच होतं. मग बाल्कनीचं दार उघडायचा सोहळा. दाराच्या रुळात उन्हाळाभराची वाळू बसलेली असते. ती मी जुन्या टूथब्रशनं उकरून काढते, सुहास खांदा लावून दार सरकवतो आणि दर वर्षी त्याच सुरात म्हणतो, "यल्ला, चला, आला हिवाळा!" नवरा म्हणून त्याचे विनोद मी फार पूर्वी माफ केलेत.

दार उघडलं की पहिली खुर्ची सासूबाईंची लागते. त्या आता आमच्याकडेच असतात. अंगावर शाल, डोक्याला रुमाल, हातात चहा. "ही कसली गं थंडी? याहून आमच्या ठाण्यात जास्त पडते," असं म्हणतात आणि शाल आणखी घट्ट ओढून घेतात. माझ्या ऑफिसातली फिलिपिनो मुलगी तर या दिवसांत लोकरीची टोपी घालून येते. इथल्या थंडीला कुणी थंडी म्हणत नाही, पण स्वेटर घालायची संधी कुणी सोडतही नाही. मीही कपाटावरची बॅग खाली काढली, गरम कपडे उन्हात टाकले आणि त्यांत ते जाड निळं जॅकेट हाताला लागलं. या देशात त्याचा काडीचा उपयोग नाही. तरी दर वर्षी मी ते बाहेर काढते, त्यात नाक खुपसते आणि परत ठेवून देते. इतक्या वेळा धुऊनही त्याला धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास येतो, किंवा येतो असं मला वाटतं.

ते जॅकेट घेतलं त्या वर्षी मला दोन हिवाळे मिळाले. एक इथला, नेहमीचा. दुसरा जुलै महिन्यात, पेरू देशात, अँडीज पर्वतात. जुलैत आखातातली माणसं उकाड्यापासून जीव घेऊन पळतात, बहुतेक सगळी आपापल्या गावी. आम्ही पळालो ते थेट पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात, जिथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा. त्या दुसऱ्या हिवाळ्यात माझी मुलगी माझ्या हातून जाता जाता राहिली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मला पोटात ठेवून बोलता येत नाही. सई आता ठणठणीत आहे, रॉटरडॅमला नोकरी करते आणि परवाच तिनं गारांच्या पावसात भिजलेल्या सायकलचा फोटो पाठवलाय.

सुरुवात झाली ती जेवणाच्या टेबलावर. सईचं शिक्षण संपलं होतं, रॉटरडॅमच्या बंदरातली नोकरी पक्की झाली होती. ती म्हणाली, "बिफोर आय लीव्ह, लेट्स डू वन क्रेझी थिंग. जस्ट द थ्री ऑफ अस." मला वाटलं, जॉर्जिया. इथली मराठी मंडळी ईदच्या सुट्टीत जॉर्जियाला नाहीतर बाकूला जाऊन येतात आणि बर्फात बसलेले फोटो टाकतात. सईनं फोन पुढे केला. त्यावर एक काळापांढरा कडा, खाली निळं तळं आणि तळ्याकाठी मुंगीएवढा तंबू. बरेच दिवस चालायचं, तंबूत राहायचं आणि शेवटी एक खिंड ओलांडायची, जिथे हवा निम्मी. सुहासनं चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि म्हणाला, "डन."

उंची विचारली नाही, थंडी विचारली नाही. हा इंजिनिअर माणूस जबल अलीला एका गोदामाचा सगळा कारभार बघतो आणि घरी साधा मिक्सर घ्यायचा तर चार दुकानं फिरतो. पण पोरगी जाणार म्हटल्यावर त्याला दुसरं काही दिसेना. सई उठायच्या आत तो कंपनीच्या बसमध्ये बसायचा आणि परत यायचा तेव्हा ती झोपलेली असायची. यात तिचं सगळं लहानपण निघून गेलं होतं. आता तिच्याबरोबर सलग दिवस मिळणार होते आणि ते त्याला कुठल्याही उंचीवर चालले असते.

"आणि माझे गुडघे?" मी विचारलं.

"आई, यू विल कम्प्लेन द होल वे अँड यू विल बी फाइन," सई म्हणाली. तिचं भाकीत अक्षरशः खरं ठरलं.

मग तो पहिला हिवाळा. समुद्राच्या पातळीवर राहणाऱ्यांनी डोंगराची तयारी करायची कशी? तर इमारतीच्या जिन्यानं. पाठीवरच्या सॅकमध्ये बासमतीच्या पिशव्या आणि तुरीची डाळ भरून आम्ही तिघं संध्याकाळी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चढायचो. पहिल्या दिवशी वॉचमन धावत आला. "मॅडम, लिफ्ट चालू है!" दुसऱ्या दिवशीही त्यानं तेच सांगितलं. पुढे पुढे तो नुसता आमच्याकडे बघून हताशपणे मान हलवायचा. रोझी एकदा जिन्यात भेटली. ती वसईची, हॉटेलात काम करते, दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजलेले असतात. "लोक पाय दुखू नयेत म्हणून लिफ्ट घेतात आणि तुम्ही मुद्दाम जिना चढताय? कमाल आहे गं तुमची!" असं म्हणत तिनं सुहासच्या सॅकमधली तांदळाची एक पिशवी काढून घेतली. "माझ्याकडचे संपलेत. तुझंही ओझं कमी." ती पिशवी तिनं परत केली नाही.

शनिवारी पहाटे रास अल खैमा. उम्म अल कुवैन मागे पडेपर्यंत मी गाडीत झोपलेली असायचे, आणि डोळे उघडले की समोर डोंगर. आपल्या डोळ्यांना डोंगर म्हटलं की कुठेतरी झाड लागतं, निदान गवताचा एक पट्टा लागतो. इथला डोंगर म्हणजे नुसता दगड, कोणीतरी सोलून ठेवलेला. सुरुवातीला मला तो अजिबात आवडला नाही. मग हळूहळू त्याचे रंग दिसायला लागले. उजाडताना राखाडी, थोड्या वेळानं गुलाबी, ऊन चढलं की जुन्या पितळेचा. कोरड्या ओढ्याच्या पात्रातून, इथे त्याला वादी म्हणतात, आम्ही वर चढायचो. सई पुढे, सुहास तिच्या मागे, आणि बरंच अंतर ठेवून मी, गुडघ्यांशी बोलत.

एकदा वादीतल्या खजुरांच्या झाडांखाली एक म्हातारा अरब शेळ्यांना चारा घालत बसला होता. त्यानं हात करून बोलावलं, चटईवर बसवलं, खजूर दिले आणि इवल्याशा कपांतून वेलदोड्याचा गाहवा, म्हणजे अरबी कॉफी, दिला. जुन्या पिढीतल्या इथल्या लोकांना हिंदी छान येतं.

"किधर जाता है?" त्यानं विचारलं.

सुहासनं वर शिखराकडे बोट दाखवलं. म्हातारा वळून बराच वेळ तिकडे बघत राहिला. आपल्या नकळत तिथे काही नवीन आलंय की काय, हे तपासत असावा.

"उधर तो कुछ नहीं है," तो शेवटी म्हणाला आणि सईला आणखी खजूर घ्यायला लावले.

आम्ही हसलो, पण वर खरोखर काही नव्हतं. वारा, दगड आणि लांब समुद्राची एक रेघ. तिथे बसून आम्ही डब्यातली थंड पोळी आणि लसणीची चटणी खायचो. सुहास फोनला हात लावायचा नाही. सई त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसायची, लहान असताना बसायला मिळालं नव्हतं तशी. तो हिवाळा संपूच नये असं मला वाटायचं, आणि हे मी गुडघ्यांना बजावून सांगायचे.

इथे आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. आमच्याच कशाला, आखातातल्या कितीतरी आपल्या घरांतली. आठवड्याला गावी फोन होतो आणि त्या फोनवर वाईट काही सांगायचं नाही. इकडचं तिकडे नाही, तिकडचं इकडे नाही. मध्ये समुद्र, रजा हातात नाही, मग सांगून समोरच्याचा जीव टांगणीला कशाला लावायचा? एकदा सुहासची नोकरी गेली होती. दुसरी मिळेपर्यंतच्या त्या सगळ्या महिन्यांत दर आठवड्याला तो ठाण्याला फोन लावून म्हणायचा, "एकदम मजेत, आई." सासूबाई तेव्हा ठाण्यात एकट्या राहायच्या. त्यांचं उत्तरही ठरलेलं, "मी उत्तम. तुम्ही आपापल्या तब्येती सांभाळा." त्या एकदा पडल्या, हाताला प्लास्टर लागलं, ते निघालं, हात पूर्वीसारखा चालू झाला आणि मग आम्ही सुट्टीत गेलो तेव्हा शेजारच्या काकूंच्या तोंडून आम्हाला कळलं.

मी या रीतीत कधी नीट बसलेच नाही. माझ्या माहेरी कुणाला शिंक आली तरी दोन बिल्डिंगांना कळतं. सुहास म्हणतो, तुमचं अख्खं घराणं रडकं. असू दे. पण सई वाढली ती सुहासच्या फोनशेजारी. अंगात ताप असला तरी तिच्या कानाशी फोन धरून आम्ही कुजबुजायचो, "आजीला सांग, मी मजेत आहे." एरवी ती आमच्याशी इंग्रजीत बोलायची. मराठीचा सराव तिला बहुतेक त्या फोनवरच मिळाला आणि त्यातलं सगळ्यांत पाठ झालेलं वाक्य हेच.

मग जुलै. दुबईच्या विमानतळाबाहेर चष्म्यावर वाफ धरेल असा दमट उकाडा, आणि दोन विमानं बदलून आम्ही उतरलो तेव्हा कुस्कोच्या रस्त्यावर माणसं हातावर हात चोळत उभी. हवा विरळ, ऊन कडक, सावली बर्फासारखी. थोडे दिवस तिथेच राहून शरीराला सवय केली आणि मग डोंगरात शिरलो. बरोबर वाटाड्या एलियास, स्वयंपाकाला त्याची बहीण हुआना, सामानाची खेचरं आणि कुणी आजारी पडलं तर म्हणून एक घोडा. त्या घोड्याकडे बोट दाखवून सुहास मला म्हणाला होता, "हा तुझ्यासाठी." मी घोड्याला त्याच दिवशी गूळ चारून ठेवला.

ते डोंगर मी आजही डोळे मिटून बघू शकते. पिवळ्या राठ गवताचे झुबके लांबवर पसरलेले, त्यांत कानांत लाल लोकरीचे गोंडे घातलेली, लांब मानेची, लोकरी अल्पाका जनावरं चरतायत, आणि सगळ्याच्या मागे एवढं मोठं बर्फ की त्याच्याकडे बघून बोलणं बंद व्हावं. ओढ्यांच्या कडांना सकाळी काच धरलेली असायची. तिच्यावर पाय पडला की पापड मोडल्याचा आवाज यायचा. दुपारी जॅकेट काढावं लागे आणि सूर्य कड्यामागे गेला रे गेला की दातांवर दात. चार पावलं टाकायची, उभं राहायचं, श्वास घ्यायचा. बोलायचं तरी मोजकंच. माझ्यासारखीला ही शिक्षाच होती.

एका वस्तीवर बायकांनी गवतावर बटाटे पसरून ठेवले होते. रात्री ते हिवात गोठतात, दिवसा उन्हात सुटतात, मग ते अनवाणी पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि वाळवायचे. वर्षानुवर्षं टिकतात म्हणे. मला एकदम आमच्या गच्चीवरचे सांडगे-कुरडया आठवल्या. आपण उन्हाचं वाळवण करतो, या बायका थंडीचं करत होत्या. सईनं बूट-मोजे काढले आणि त्यांच्याबरोबर बटाटे तुडवायला लागली. गारठ्यानं किंचाळत होती, त्या बायका पोट धरून हसत होत्या आणि सुहास फोटो काढायचं विसरून नुसता बघत उभा होता.

आणि डाळ! जिन्यातल्या सरावाची तुरीची डाळ सुहासनं हट्टानं थेट पेरूपर्यंत आणली होती. "शेवटच्या मुक्कामाला आपण सगळ्यांना वरण-भात घालू," हा त्याचा बेत. पण त्याला धीर कुठला? दुसऱ्याच मुक्कामाला त्यानं पातेल्यात डाळ शिजत घातली. पाणी खळखळा उकळतंय, वाफा येतायत आणि डाळ जशीच्या तशी, खड्यांसारखी. त्या उंचीवर पाणी लवकर उकळतं पण पुरेसं तापत नाही, हे इंजिनिअर माणसाच्या डोक्यात आलं नाही. हुआनानं हसत हसत ते सगळं आपल्या कुकरमध्ये ओतलं. बर्फाच्या त्या राज्यात कुकरनं शिट्टी दिली तेव्हा आम्ही तिघांनी एकदम टाळ्या वाजवल्या. वरणाला हिंग नव्हता, लिंबू भलतंच आंबट होतं, आणि तसं वरण मी जन्मात खाल्लं नाही.

चालताना बाप-लेक पुढे असायचे. ती इंग्रजीत विचारायची, तो मराठीत सांगायचा. वाऱ्यावरून मला मागे तुकडे ऐकू यायचे. शाळेतून पळून नदीवर गेला होता तेव्हाचा मार, पहिल्यांदा दुबईला आला तेव्हा चार जणांच्या खोलीत वरचा पलंग मिळाला होता ते. यातलं निम्मं मलाही माहीत नव्हतं. माझा नवरा इतका बोलतो, हे मला लग्नानंतर एवढ्या वर्षांनी आणि इतक्या उंचीवर कळलं.

रोज सकाळ-संध्याकाळ एलियास आमच्या बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजायचा आणि एकच प्रश्न विचारायचा. डोकं किती दुखतंय? शून्य ते दहा.

"झीरो," सुहास म्हणायचा. कायम. एलियासनं त्याचं नाव 'मिस्टर झीरो' ठेवलं.

"झीरो. ओके, वन," सई म्हणायची.

"आठ," मी म्हणायचे. मग एलियास मला कोकाच्या पानांचा चहा द्यायचा, माझी सॅक खेचरावर टाकायचा, हळू चाला म्हणायचा. सुहास आणि सई एकमेकांकडे बघून डोळे मिचकावायचे. माझं डोकं तेवढं दुखत नव्हतं हे खरं आहे, पण काहीतरी दुखत होतंच आणि तो विचारत होता.

खिंडीच्या दिवशी सकाळी सईला तंबूतून बाहेर यायला उशीर झाला. बुटाची नाडी तिनं बांधली, सोडली, परत बांधली. मी "चल गं" म्हटलं तर उगाचच हसली. चिमट्यावरचा आकडा एलियासला आवडला नाही. त्यानं तो पुसून परत लावला. थंड बोटांवर तो कधी कधी चुकतो. "हेडेक?" "झीरो," सई म्हणाली. "झीरो," सुहास म्हणाला. मी "सहा" म्हटलं आणि निघालो. तळं मागे पडलं, चढ सुरू झाला. वर खिंड दिसायला लागली. आधीच्या वाटसरूंनी रचलेल्या दगडांचा ढीग आणि त्यामागे नुसतं निळं आकाश.

मी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे होते, म्हणून मला दिसलं. सईचे पाय फाकून पडत होते. बोटीच्या डेकवर चालावं तशी ती दोन्ही बाजूंना कलत होती. मग ती एका दगडाआड गेली, उलटी केली, तोंड पुसून परत वाटेवर आली आणि मला बघून म्हणाली, "आय अ‍ॅम गुड. चला."

"सई, आज वार कुठला?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ. मला दिसत होतं की ती शोधतेय आणि तिला सापडत नाहीये. "आय अ‍ॅम फाइन, आई," ती म्हणाली.

मी एलियासला अशी हाक मारली की पुढची खेचरं थांबली. तो धावत खाली आला. मातीत काठीनं एक सरळ रेघ ओढली आणि सईला म्हणाला, टाचेला चवडा लावत हिच्यावरून चाल. दुसऱ्याच पावलाला ती कोसळली. मेंदूला सूज येतेय, त्यानं सांगितलं. खाली न्यायचं. आत्ता.

"वन मिनिट, वन मिनिट," सुहास म्हणाला. "जरा बसू दे तिला. पाणी पिऊ दे. शी इज ओके. अर्ध्या तासात ठीक होईल. खिंड तर इथे दिसतेय." तो खिंडीसाठी बोलत नव्हता. आयुष्यभर 'ठीक आहे' म्हणत आला आणि बहुतेक वेळा सगळं ठीक होत गेलं, म्हणून तो तेच म्हणत होता. मला त्याच्यावर इतकी माया आणि इतका संताप एकाच वेळी कधी आला नव्हता.

"सुहास, पोरगी चाललीय आपली," मी ओरडले. "ठीक नाहीये! तोंडानं म्हण एकदा. ठीक नाहीये म्हण!"

त्यानं सईकडे पाहिलं. ती जमिनीवर बसून स्वतःचा हातमोजा उलट्या हातात घालायचा प्रयत्न करत होती.

"ठीक नाहीये," तो म्हणाला.

एलियासनं इंजेक्शन दिलं, तोंडाला प्राणवायू लावला, सईला माझ्या त्या घोड्यावर बसवलं. ज्या वाटेनं वर आलो होतो, तीच वाट उलटी. एका बाजूनं एलियास, दुसऱ्या बाजूनं सुहास, तिचं पाऊल रिकिबीत घट्ट धरून. घसरत, दगडांवरून आपटत तो घोड्याबरोबर पळत होता आणि तिचं नाव घेत होता, एकसारखं, श्वास पुरत नसताना. मी मागून. त्या दिवशी माझे गुडघे दुखले की नाही, मला खरंच आठवत नाही. तळी गेली, पिवळं गवत आलं, बटाटेवाल्या बायकांची वस्ती गेली. त्या उभ्या राहून बघत होत्या, एकीनं छातीवर क्रूसाची खूण केली. दुपार कलली तेव्हा पहिली झाडं लागली. माझ्या छातीत हवा भरायला लागली होती. सईनं मास्क बाजूला केला आणि म्हणाली, "आई, भूक लागली."

मी तिथेच रस्त्यात बसून रडले. घराण्याला शोभेल असं.

खालच्या गावात दवाखाना होता. डॉक्टरीणबाईंनी तपासून धोका टळल्याचं सांगितलं, आणि त्यांच्याच शेजारच्या खोलीत सईला ब्लँकेटांखाली झोपवलं. तिच्या बोलण्यात आता तारीख-वार परत आले होते.

"आई, दोन दिवस त्रास होत होता मला," ती म्हणाली. "आय थ्रू अप बिफोर ब्रेकफास्ट ऑल्सो."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबा सो हॅपी होते." आणि ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढून, "अँड यू गाइज नेव्हर से इट आयदर."

सुहास खिडकीशी उभा होता. त्यानं वळून न बघता सांगितलं, "माझंही डोकं फुटतंय. पहिल्या मुक्कामापासून." मला हसू आलं, आणि मग त्याच्या पाठीकडे बघून ते थांबलं. खिंडीपलीकडे काय होतं ते आम्ही कधी पाहिलं नाही आणि आमच्या तिघांपैकी कुणालाही त्याची हुरहुर नाही.

आता रॉटरडॅमहून सईचा फोन येतो तेव्हा ती मनसोक्त कुरकुरते. अंधार चारलाच पडतो, डच जेवण बेचव, बॉस खडूस, मला घरी यायचंय. परवा तर रडली. मी फोन स्पीकरवर टाकून कांदा चिरत होते. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, ही कसली आई, पोरगी रडतेय आणि हिच्या तोंडावर समाधान! पण मला खरंच बरं वाटतं. ती सांगते, मी ऐकते, आणि मग ती स्वतःच म्हणते, "ओके, खलास, आता ठेवते."

पेरूतल्या त्या खालच्या गावातली दुसरी सकाळ रविवारची होती. फोनला रेंज आली होती. उन्हाचा एक पट्टा सईच्या ब्लँकेटवर पडला होता आणि ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पाव खात होती. ठाण्याहून फोन आला. तिकडे संध्याकाळ, आठवड्याच्या फोनची वेळ. सुहासनं स्पीकर लावला.

"काय रे, कसे आहात? थंडी फार आहे का?" सासूबाईंचा आवाज. मागे टीव्हीवरची मालिका.

"एकदम..." सुहास म्हणाला आणि थांबला. सईनं हात लांब करून त्याच्याकडून फोन घेतला.

"आजी, मी आजारी पडले होते. खूप. मला वर नाही जाता आलं. बाबांनी मला घोड्यावरून खाली आणलं. आता बरी आहे, पण अजून डोकं दुखतं आणि मला भीती वाटली होती."

एवढं मराठी ती सलग कधी बोलली नव्हती. पलीकडे मालिका बंद झाल्याचं ऐकू आलं.

"सगळं सांगितलंस ना बाळा? लपवलं नाहीस ना काही?"

"नाही आजी. सगळं सांगितलं."

"बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "मग मीही सांगते हो. मला उजव्या डोळ्यानं दिसत नाही. संक्रांतीपासून."

सुहास पलंगाच्या कडेवर बसला.

"गॅस नीट बंद झालाय की नाही कळत नाही, म्हणून संध्याकाळची मी पेटवतच नाही. पोहे भिजवून खाते. तसं काही नाही, चालतं. पण अंधार पडला की एकटीला भीती वाटते रे, सुहास. तुम्ही तिकडे, म्हणून म्हटलं, कशाला..."

सुहासनं फोन दोन्ही हातांत धरला आणि तोंडाजवळ नेला.

"अजून काय, आई?" तो म्हणाला. "सगळं सांग."